खांबाखालची जागा

अनिबाल स्कार्पेत्ताला आल्माग्रो वस्तीत दोन नावं होती. बेकरीत, दवाखान्यात, कोपऱ्यावरच्या कॅफेत तो 'ड्रायव्हर' होता, कारण उभा जन्म त्याने बुएनोस आइरेसच्या रस्त्यांवर शहरबस हाकली होती. ला लिगुरेच्या नाचघरात मात्र त्याच्या पाठीमागे त्याला 'सरदार' म्हणत. पहिलं नाव मायेचं होतं. दुसऱ्यात खवचटपणा होता, आणि तो त्याने स्वतःच ओढवून घेतला होता.

ला लिगुरे ही इमारत शंभर वर्षांपूर्वी इटलीतल्या जेनोव्हाकडून आलेल्या गवंड्यांनी, सुतारांनी आणि खलाशांनी वर्गणी काढून बांधली. आजारपणात औषध, मेल्यावर पेटी आणि आठवड्यातून एकदा नाच, अशी त्यांच्या मंडळाची तीन कामं होती. पहिली दोन सरकारने उचलली, तिसरं तेवढं राहिलं. जिन्याचा संगमरवर मधोमध झिजून खोलगट झालेला. वरच्या दिवाणखान्यात दोन्ही अंगांना खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर प्लॅस्टरच्या बायका. चाळीस सालचे नावाजलेले वादक कार्निव्हलला याच ओट्यावर वाजवून गेले, असं म्हातारे सांगत. आता ओट्यावर तुलिओ नावाचा नाचघराचा चालक बसे आणि त्याच वादकांच्या तबकड्या लावे. दर गुरुवारी दुपारी साडेचार वाजले की खाली रस्त्यावर बँडोनियनचा, टँगोतल्या त्या भात्याच्या पेटीचा, सूर ऐकू येई, आणि अनिबालची आई स्वयंपाकघरात रेडिओ लावून ज्या गाण्यांवर कांदा चिरायची ती गाणी पुन्हा जिवंत होत.

पुरुष एका बाजूला, बायका समोरच्या बाजूला, आणि मध्ये रिकामी लाकडी जमीन. जोडपी मागे, दाराजवळच्या टेबलांवर. बाईसमोर जाऊन हात पुढे करणं म्हणजे भर पंगतीत दुसऱ्याच्या पानातलं उचलण्याइतकं अडाणीपणाचं. इथे नाचायला बोलवायचं ते नजरेने. गाणं लागलं की पुरुषाने समोर बघायचं, बाईची नजर मिळाली की मान किंचित हलवायची, तिनेही हलवली की उठायचं. तिने नजर वळवली तर विषय संपला. बोलावलं कुणी, नाकारलं कुणी, शेजारच्यालाही कळत नाही. अब्रू झाकून ठेवणारा असा नियम मी दुसरा पाहिलेला नाही. आणि एकदा उठलं की चार गाण्यांचा संच, ज्याला तिथे तांदा म्हणतात, तो पुरा करायचाच. मध्येच 'आभारी आहे' म्हणून बाईला सोडणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारणं.

बावीस वर्षं वॉल्ट्झची तांदा लागली की अनिबाल समोर बघायचा आणि देलिया उठायची. ती तिसऱ्या खांबाखालच्या टेबलावर बसे. त्या खांबावरच्या बाईचं नाक उडालेलं होतं. देलियाचं बोएदो वस्तीत बटणं, दोरे, लेस, चेन यांचं लहानसं दुकान होतं, नवरा लवकर गेला होता, एक बहीण होती, एवढं अनिबालला ठाऊक. तो ड्रायव्हर होता आणि त्याची बायको कधीच घर सोडून गेली होती, एवढं देलियाला ठाऊक. नाचघराबाहेर ती कधी भेटली नाहीत. एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. गाण्यांच्या मधल्या क्षणभरात तो म्हणे, "आज छान दिसताय", ती म्हणे, "तुमचं आपलं काहीतरीच", आणि दुसरं गाणं सुरू होई. एवढ्याशा पाण्यावर काही माणसं बावीस वर्षं काढतात.

आणि मग अनिबालचे डोळे गेले. पुरते गेले नाहीत, आणि घोळ तिथेच झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालाल, फिराल, जिना चढाल. कडेकडेचं दिसत राहील. मधलं जाईल." मधलं म्हणजे जे बघायला जावं नेमकं तेच. समोरच्याचे खांदे दिसत, टोपी दिसे, आणि तोंडाच्या जागी धुरकट भोक. बसमधल्या आरशात साठ माणसांची तोंडं एका नजरेत टिपणाऱ्या माणसाला आता समोर कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखावं लागे.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. कारण त्याने बेनित्तोचे हाल पाहिले होते. बेनित्तो हा ला लिगुरेतला एकेकाळचा अव्वल नाचणारा. त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेल्यावर बायका पाळीपाळीने त्याला नाचायला घेत, एक एक तांदा, नवस फेडावा तशी. नाचताना त्याच्या खांद्यावरून एकमेकींकडे बघून गोड हसत. ते हसू अनिबालने धडधाकट डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्यावर कुणी असं हसू नये, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती.

म्हणून त्याने युक्ती काढली. ला लिगुरेत ज्याची जागा त्याची; माणूस मरतो तेव्हाच खुर्ची रिकामी होते. वॉल्ट्झ लागला की तो तिसऱ्या खांबाकडे तोंड करायचा, मान हलवायचा, दोन श्वास थांबायचा आणि मधली जमीन ओलांडून थेट तिथे जायचा. देलिया उठलेली असायची. बाकीच्या बायकांचा होकार-नकार दिसत नसल्याने त्याने बाकीचे सगळे नाच सोडून दिले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला शिंगं फुटली. "आपल्याला काय, सरदारांना फक्त वॉल्ट्झ चालतो आणि तोही एकाच बाईबरोबर," असं बोललं जाऊ लागलं. अनिबालने ते बोलणं खुशाल वाढू दिलं. गर्विष्ठ म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. अशी चार वर्षं गेली.

मग इमारतीला शहराने ऐतिहासिक वास्तू ठरवलं. सगळ्यांना आनंद झाला, अनिबाललाही. नाचघर पाच-सहा महिने बंद राहिलं. छतावरची रंगीत काच धुतली, प्लॅस्टरच्या बायकांना नाकं बसवली, दाराशी पितळी पाटी लागली. आणि आगीच्या कायद्यासाठी पहिल्या खांबामागे बाहेर पडायचा नवा दरवाजा फोडला. त्यामुळे बायकांची टेबलं एकेक खांब पुढे सरकली. ही गोष्ट अनिबालला कुणी सांगितली नाही. सांगायचं काय त्यात? ज्याला डोळे आहेत त्याला दिसतंच.

उघडल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी नाचघर फुलून गेलं होतं. तुलिओने त्याला मिठी मारली.

"या, माएस्त्रो! तुमची जागा जशीच्या तशी आहे. चिचो मघापासून वाट बघतोय."

चिचो हा शेजारच्या खुर्चीवरचा मित्र, मटणवाला, जिभेला हाड नसलेला. "बघ रे, कसं लखलखतंय!" तो म्हणाला. "माझं पण असं रंगकाम करून घ्यावं म्हणतो. नाक नवं बसवीन, पोट काढून टाकीन."

"पोट काढलं तर उरेल काय तुझ्यात?" अनिबाल म्हणाला.

वॉल्ट्झ लागला. अनिबालने जॅकेटची बटणं लावली, तिसऱ्या खांबाकडे तोंड वळवलं आणि मान हलवली. दोन श्वास थांबून निघाला. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या कडेशी पोचला तेव्हा एक आकृती लगबगीने उठली, खुर्ची धडपडली. त्याने डावा हात वर केला, उजवा पाठीवर ठेवला. पाठ रुंद होती. केसांना निराळ्या तेलाचा वास होता.

"मला वाटलंच नाही तुम्ही मला बोलावताय," ती म्हणाली. "मी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी आहे का म्हणून."

आवाजावरून त्याने ओळखलं. ही ग्रासिएला. वर्षानुवर्षं दुसऱ्या खांबाआड बसणारी, पाय जड असणारी, जिला तांदामागून तांदा कुणी विचारत नसे. टेबलं सरकल्यावर तिसऱ्या खांबाखाली ती आली होती.

'चूक झाली' म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण त्या दोन शब्दांनी ग्रासिएला सगळ्या नाचघरासमोर खाली बसली असती, आणि पुन्हा कधी त्या जिन्याची पायरी चढली नसती. अनिबाल नाचला. चारही गाणी नाचला, आणि मनापासून नाचला, कारण अर्ध्या मनाने केलेला नाच बाईला पहिल्या गिरकीतच कळतो. संपल्यावर तिला जागेवर पोचवलं. ती त्याचा हात उगाच जरा जास्त वेळ धरून राहिली.

तो परत येऊन बसला तेव्हा चिचो कुजबुजला, "लेका, केलंस काय तू? देलिया तुझ्याकडेच बघत होती. शेजारच्या खांबाखाली. तू तिच्या डोळ्यांदेखत बाजूच्या बाईला बोलावलंस! चारही गाणी ती तशीच बसून होती बघ, हातात रुमाल धरून. बाकीचे बघत होते तरी उठली नाही."

"कुठल्या खांबाखाली?"

"चौथ्या. दिसत नाही का तुला? टेबलं सगळी सरकलीत."

अनिबालच्या ओठांवर खरं आलं होतं. पण समोर बेनित्तोच्या खांद्यावरून हसणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "बदल हवा माणसाला."

"बदल! बावीस वर्षांनी!" चिचोने शीळ घातली. "खरा सरदार निघालास हो तू."

देलिया शेवटच्या तांदापर्यंत थांबली नाही. पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. वॉल्ट्झ लागे तेव्हा अनिबाल खुर्चीत बसून राही. तिच्या नजरेत आपण आता हलकट ठरलो, हे त्याला समजत होतं. आंधळा ठरण्यापेक्षा हलकट ठरणं बरं, असं तो मनाला बजावत होता, आणि मन काही ऐकत नव्हतं. बाईने बावीस वर्षं दिली आणि आपण तिला एक खरं वाक्य देऊ शकत नाही, ही टोचणी त्याला जेवू देईना.

मंगळवारी सकाळी तो बसस्टॉपवर गेला. येणाऱ्या बसचा नंबर त्याला वाचता येईना. शेजारच्या बाईला विचारलं तशी ती म्हणाली, "आजोबा, चष्मा विसरलात वाटतं." ज्या मार्गावर त्याने आयुष्य काढलं त्याच मार्गाची बस होती ती.

देलियाच्या दुकानाच्या दाराला घंटी होती. आत कापडाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. काउंटरमागे काहीतरी हललं.

"देलिया, मी अनिबाल."

"दिसतंय मला."

"तुम्ही दोन गुरुवार आला नाहीत."

"बटणं हवीत का? बटणं हवी असतील तर रंग बोला."

"त्या दिवशी मी तुम्हालाच बोलावलं होतं."

"काय सांगता! म्हणजे माझंच तोंड ग्रासिएलाच्या धडावर बसलं होतं म्हणायचं."

"मला दिसत नाही, देलिया. तोंडं दिसत नाहीत. मी तुमच्या जागेकडे बघून मान हलवली. जागा सरकली, ते मला माहीत नव्हतं."

दोऱ्याचं एक रीळ काउंटरवरून घरंगळत गेलं आणि खाली पडलं. तिने ते उचललं नाही.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

त्याला वाटलं, आता तो गोड, मऊ आवाज येणार, ज्याला तो इतकी वर्षं भीत आला होता. तसं झालं नाही.

"गेल्या हिवाळ्यात एकदा म्हणालात, हा रंग तुम्हाला खुलून दिसतो. आठवतं?"

"म्हणालो असेन."

"कुठला रंग होता तो?"

अनिबालने अंदाज बांधला. "गडद काहीतरी. हिरवा?"

"काळा," देलिया म्हणाली. "माझी बहीण गेली होती त्या आठवड्यात. घर खायला उठलं म्हणून आले होते. म्हटलं, चार गाणी तरी कुणी धरून ठेवील. आणि तुम्ही म्हणालात, खुलून दिसतो! रात्रभर माझ्या डोक्यातून ते जाईना. मग मीच माझी समजूत घातली. म्हटलं, शहाणा माणूस आहे, दुःखावर बोट ठेवायचं नाही म्हणून मुद्दाम असं बोलला. तुमची वकिली मीच केली हो, फुकटात!"

"देलिया..."

"डोळे गेले त्याचं मला वाईट वाटतं. का नाही वाटणार? पण चार वर्षं मी केस रंगवले, कानातली बदलली, आरशासमोर उभी राहिले, ते कुणासाठी? त्या नकट्या बाईच्या खांबासाठी? तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, कुणाला ठाऊक. कदाचित आले नसते. कदाचित आले असते. पण ते मी ठरवलं असतं ना! तुम्ही तेही मला करू दिलं नाहीत."

घंटी वाजली. "गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "वाटेतून बाजूला व्हा."

तो बाहेर फुटपाथवर उभा राहिला. कीव मिळेल म्हणून तो भीत होता. मिळाला तो संताप, आणि तो त्याच्या वाट्याचाच होता. चार वर्षं आपण फक्त स्वतःची अब्रू झाकत होतो आणि पांघरूण तिचं ओढून घेत होतो, हे त्याला तिथे, भर उन्हात, स्वच्छ कळलं. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही.

गुरुवारी तो ला लिगुरेत गेला आणि तुलिओला म्हणाला, "माझी पुढची जागा दुसऱ्या कुणाला दे. मला माणसांची तोंडं दिसत नाहीत. मागे दाराजवळ बसतो, गाणी ऐकतो."

ते ऐकून चिचो उठून आला. "मग त्या दिवशी तुला मी काय काय बोललो! थोबाडीत द्यायची होतीस मला."

"जे दिसलं ते बोललास. तुझं काय चुकलं?"

"ऐक, पुढेच बस. मी सांगतो ना तुला कोण बघतंय ते. माझे डोळे काय फक्त हाडं तोडायला आहेत?"

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी बाईला बोलावू?" अनिबाल म्हणाला. "नको. एवढं तरी माझं राहू दे."

तो दाराजवळ बसला. ती टेबलं जोडप्यांची. पुरुषासोबत बसलेल्या बाईकडे इथला दुसरा पुरुष चुकूनही बघत नाही. एकट्याला तिथे कुणी हटकलं नाही. तांदा लागत होत्या, संपत होत्या. कोण कुणाकडे बघत असेल याचा विचार करायचं त्याने सोडून दिलं, तसे त्याला जुने वादक पहिल्यापेक्षा जवळून ऐकू येऊ लागले. पण त्यात त्याचं मन रमलं असं मी म्हणणार नाही.

जिन्यावर टाचा वाजल्या आणि तुलिओ लगबगीने पुढे झाला. "देलिया! या, या. तुमचं टेबल चौथ्या..."

टाचा थांबल्या नाहीत. वॉल्ट्झची पहिली तबकडी लागली होती आणि माणसं एकमेकांच्या नजरा शोधत होती, अशा वेळी त्याच्या शेजारची खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. टेबलावर पर्स ठेवल्याचा आवाज झाला.

"सरक जरा," देलिया म्हणाली.

"इथे बसू नका," अनिबाल घाईने म्हणाला. "इथे बसलात तर उद्यापासून एक माणूस तुम्हाला बोलावणार नाही. सगळे बघताहेत."

"नियम मला शिकवू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही, आणि इतक्यात जायचाही नाही." ती खुर्चीत नीट टेकली. "तुला मी दिसत नाही, आणि आता बाकीचे माझ्याकडे बघायचे नाहीत. या वयात हे करून बसले मी."

त्याने खालच्या आवाजात विचारलं, कारण विचारल्याशिवाय त्याला राहवेना. "कीव म्हणून आलीस का?"

"कीव करायची असती तर गुपचूप त्या तिसऱ्या खांबाखाली जाऊन बसले असते," देलिया म्हणाली, "आणि तुला जन्मात पत्ता लागू दिला नसता."

अनिबालने हात पुढे केला, कुठे ते न बघता. तिने तो धरला, आणि पहिलं गाणं अर्धं झालं असताना, जे ला लिगुरेत कुणी करत नाही, ती दोघं नाचायला उतरली.